दुसरीच्या तोंडून

हजेरीला सगळे ‘येस सर’ म्हणायचे आणि ती नुसता हात वर करायची, म्हणून वर्गाने तिचं नाव मौनी पाडलं. घरी ती भरपूर बोलायची. आईशी भांडायला लागली की तिला पूर्णविराम ठाऊक नसायचा. पण हॉटेलचं काम शिकवणाऱ्या त्या संस्थेत सगळे तास इंग्रजीत होते, आणि इंग्रजी म्हटलं की मौनीच्या तोंडाला कुलूप लागायचं.

वाचता यायचं. लिहिता तर चांगलंच यायचं, लेखी पेपरात ती वर्गात वरच्या पोरींमध्ये असायची. अडायचं ते बोलताना. वाक्य आधी मराठीत यायचं, अख्खं, नीटनेटकं. मग ती ते इंग्रजीत उलटायला घ्यायची. इथे ‘हॅज’ की ‘हॅव’, आधी ‘द’ लागेल का, अशी चाचपणी चाललेली असायची, तोवर बोलणं कुठल्या कुठे गेलेलं असायचं. हातात तयार वाक्य घेऊन ती तशीच बसून राहायची, गाडी निघून गेल्यावर तिकीट काढणाऱ्या माणसासारखी.

इंग्रजीचे सर वाईट नव्हते. ते कुणावर ओरडत नसत, कुणाला वर्गाबाहेर काढत नसत. त्यांना सवय एकच होती. कुणी बोलायला उभं राहिलं की ते हात टेबलावर पालथा ठेवायचे आणि प्रत्येक चुकीला एकेक बोट उचलायचे. अगदी हसत हसत. अख्खा पंजा वर झाला की वर्ग खो खो हसायचा. ‘अरे, लाजायचं काय त्यात? चुकूनच शिकतो माणूस,’ असं सर म्हणायचे आणि स्वतःही हसायचे. मौनीच्या पहिल्याच दोन वाक्यांना पंजा पूर्ण झाला होता. त्यानंतर तिने त्या वर्गात तोंड उघडलं नाही.

अशा मुलीशी रेडिओची मैत्री कशी झाली, याचं सगळ्यांनाच नवल वाटायचं. रेडिओ हेही वर्गानेच ठेवलेलं नाव. तिचं तोंड बंद करायचं बटण कुठे आहे ते अजून सापडलेलं नाही, असं मुलं म्हणायची. ती इंग्रजी माध्यमात शिकलेली, वडिलांचं मोबाइलचं चांगलं चालणारं दुकान, घरात एकुलती एक. चुका तिच्याही व्हायच्या, पण ती इतक्या झपाट्याने बोलायची की सरांना बोट उचलायलाच सवड मिळत नसे. डबा मात्र ती मौनीच्या शेजारी बसूनच खायची. ‘तू ऐकतेस गं. बाकीचे फक्त आपली पाळी कधी येते त्याची वाट बघतात,’ असं ती म्हणायची.

शेवटची तोंडी परीक्षा जोडीने होती. दोघांनी समोरासमोर बसायचं, चिठ्ठीत निघेल त्या विषयावर एकमेकांशी बोलायचं आणि परीक्षकांनी ते ऐकायचं. काही मार्क ज्याचे त्याला, काही जोडीला. परीक्षेला सरांबरोबर एका मोठ्या हॉटेलच्या मॅनेजर बाई येणार होत्या आणि तिथेच नोकऱ्या ठरणार होत्या. चांगलं बोलणाऱ्यांना रिसेप्शन. बाकीच्यांना मागचं काम, म्हणजे खोल्या, स्वयंपाकघर, तळघरातली कपड्यांची खोली.

रेडिओने जोडीला मौनीचं नाव दिलं. वर्गात लगेच कुजबुज झाली, की हिच्या शेजारी कुणीही उठून दिसेल, म्हणून निवडलंय. मौनीच्याही ते कानावर आलं. तिने ते मनाला लावून घेतलं नाही.

संस्थेच्या मागच्या बाजूला लोखंडी जिना होता. तास संपले की दोघी तिथे पायऱ्यांवर बसून सराव करायच्या. आणि गंमत अशी, की तिथे मौनी बोलायची. अडखळत, तुकड्या-तुकड्यांनी, पण बोलायची. रेडिओ बोट उचलत नसे. चूक झाली की तेच वाक्य सरळ करून सहज म्हणून टाकायची, आणि मौनी तिच्या मागोमाग म्हणायची.

‘पाठ केलेलं नको बोलूस,’ रेडिओ एकदा म्हणाली. ‘तुझं पाठांतर लगेच कळतं. घरचं काहीतरी खरं सांग. खऱ्याला शब्द शोधावे लागत नाहीत.’

‘आमच्या घरचं काय सांगण्यासारखं आहे?’

‘आमच्यापेक्षा नक्की जास्त असेल. आमच्याकडे कधी काही घडलंच नाही गं. दुकान उघडतं, दुकान बंद होतं.’

तेव्हा मौनीने तिला वडिलांचं सांगितलं. आधी मराठीत.

तिचे बाबा शाळेची बस चालवायचे. कितीतरी वर्षं. मग त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालं. रंग पुसट झाले, समोरचं मधलंच दिसेनासं झालं. चष्म्याने भागणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. बाबांनी घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. मौनीची संस्था त्याच रस्त्यावर होती, म्हणून ती सकाळी बसमधूनच जायची, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून. एक दिवस सिग्नलला बाबांनी हळूच विचारलं, ‘कुठला आहे?’ तिला आधी थट्टा वाटली. मग कळलं. त्या दिवसापासून ती रोज पुटपुटायची, लाल, हिरवा, लाल. मागे मुलं गाणी म्हणत असायची. आणि मग एक दिवस बाबांनी बस मालकाच्या आवारात नेऊन लावली, खिशातला रुमाल काढून स्टीअरिंग पुसलं, किल्ली दिली आणि चालत घरी आले. आईला सांगितलं, मालकाने बस विकली.

‘हे तू कुणाला सांगू नकोस हं,’ मौनी म्हणाली. ‘आईलासुद्धा माहीत नाही.’

रेडिओचे डोळे भरून आले होते. खोटे नव्हते ते अश्रू. ‘मी कशाला सांगू? परीक्षेत तूच सांगणार आहेस.’

मौनीने एक गोष्ट मात्र रेडिओलाही सांगितली नव्हती. शेवटच्या दिवशी एक चिमुरडी बसमधून उतरली आणि बसच्या पुढ्यातच वाकून बुटाची नाडी बांधू लागली. बाबांना ती दिसलीच नाही. बस हलली, मौनी किंचाळली, बाबांनी ब्रेक दाबला. मुलगी उठून उड्या मारत शाळेत गेली, तिला काही कळलंही नाही. बाबांनी मात्र तिथून बस थेट मालकाच्या आवारात नेली.

इंग्रजीत हे सगळं मौनीला वेगळंच वाटायचं. मराठीत जी लाज होती, ती इंग्रजीत धैर्याची गोष्ट व्हायची. वाक्यं सोपी, स्वच्छ. माझे वडील ड्रायव्हर होते. मी त्यांचे डोळे होते. रेडिओने ‘रुमाल’साठी शब्द दिला तो मौनीला उच्चारायला जमेना, दोघी त्यावर हसून हसून लोळल्या. शेवटी जमला. परक्या भाषेत सांगितलं की ते आपल्या घरचं राहतच नाही, असं तिला वाटू लागलं होतं. म्हणून तर ती तयार झाली.

परीक्षेला चिठ्ठी रेडिओने उचलली. घरातल्या एखाद्या माणसाने घेतलेला अवघड निर्णय. तिने टेबलाखालून मौनीच्या पायाला पाय लावला. याहून सोपं काय निघणार होतं?

सुरुवात मौनीने करायची होती. समोर मॅनेजर बाई होत्या, बारीक फ्रेमचा चष्मा, चेहरा शांत. शेजारी सर. सरांचा हात टेबलावर पालथा.

‘माय फादर,’ मौनी म्हणाली. ‘माय फादर, ही वॉज...’

सरांचं करंगळीशेजारचं बोट उचललं गेलं. कदाचित त्यांच्या लक्षातही आलं नसेल, सवयीचा हात होता. मौनीने ते बोट पाहिलं आणि तिचं पुढचं वाक्य गेलं. त्याच्यामागचंही गेलं. काय म्हणायचंय ते सगळं तिला ठाऊक होतं. बस, रुमाल, किल्ली डोळ्यांपुढे लखलखीत दिसत होती, फक्त त्यांची नावं गेली होती.

‘येस? युअर फादर?’ रेडिओने हळूच पुढे ढकललं.

काही नाही.

‘तुझ्या वडिलांबद्दल सांगत होतीस,’ ती पुन्हा इंग्रजीत म्हणाली आणि हसली. सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मॅनेजर बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

मग रेडिओने खुर्ची जराशी वळवली, मॅनेजर बाईंकडे, आणि म्हणाली, ‘लेट मी टेल यू अबाउट माय फादर.’

मौनीला क्षणभर वाटलं, दुकानाबद्दल बोलेल. पण रेडिओ म्हणाली, माझे वडील शाळेची बस चालवायचे. ती सांगत गेली. तिने कुठेही घाई केली नाही. जिन्यावर मौनी जिथे जिथे अडायची, तिथे तिथे ही थोडी थांबली, जणू आवंढा गिळतेय. लाल, हिरवा, लाल. मागे मुलांची गाणी. रुमालाचा शब्द तिने फार सुंदर उच्चारला. मॅनेजर बाईंनी चष्मा काढून हातात घेतला.

मौनी ऐकत होती. ऐकणं तिला चांगलं जमायचं.

‘अँड यू?’ बाईंनी शेवटी मौनीला विचारलं, अगदी मायेने. ‘हाऊ इज युअर फादर?’

‘माय फादर इज फाइन,’ मौनी म्हणाली.

सरांचं एकही बोट हललं नाही. वाक्यात चूक नव्हती.

बाहेर आल्याबरोबर रेडिओने तिचा हात धरला. ‘रागावलीस? अगं, तू बोलतच नव्हतीस! मी दोनदा थांबले की नाही? दोघी बुडालो असतो.’

‘ते माझे बाबा होते.’

‘माहितीये गं मला. पण त्या क्षणी डोक्यात दुसरं काही आलंच नाही. आणि तुझ्या बाबांचं नाव थोडंच घेतलं मी? त्यांना कुठे कळणार आहे?’

‘तू म्हणाली होतीस, कुणाला सांगणार नाही.’

‘मग तू सांगायचं होतंस!’ रेडिओचा आवाज चढला, आणि लगेच ती रडकुंडीला आली. ‘तुझ्यासाठी किती दिवस त्या जिन्यावर बसले मी. दुसरं कुणी बसलं असतं?’

हे खरंच होतं. निकाल लागला तेव्हा आणखी एक खरं कळलं. मौनी पास झाली होती, जोडीच्या मार्कांवर. रेडिओला रिसेप्शन, मौनीला तळघरातली कपड्यांची खोली. नोकरी लागली होती, आणि ती कुणामुळे लागली होती हेही साफ होतं.

संस्थेने प्रमाणपत्रं द्यायला समारंभ ठेवला, घरच्यांना बोलावलं. मौनीने घरी सांगितलंच नव्हतं, पण शेजारणीकडून आईला कळलं आणि आईने ठेवणीतले कपडे बाहेर काढले. ‘पोरीला नोकरी लागली आणि आम्ही घरात बसू होय?’ बाबा आईच्या खांद्यावर हात ठेवून आले. चालताना असाच हात ठेवायची सवय त्यांना लागली होती. आई त्याला प्रेम समजायची आणि लाजायची.

तिघं मधल्या रांगेत बसले. मौनी मधे, एका बाजूला आई, एका बाजूला बाबा. प्रमाणपत्रं वाटून झाली आणि सरांनी जाहीर केलं, की मॅनेजर बाईंच्या खास आग्रहावरून आमची सर्वांत हुशार विद्यार्थिनी, जी गोष्ट ऐकून परीक्षक हेलावले, ती गोष्ट आज सर्वांना सांगेल. रेडिओ मंचावर आली. तिची नजर एकदा मधल्या रांगेवरून फिरली आणि मौनीच्या बाबांपाशी अडली. तिला ते येतील असं वाटलं नसावं. मागे फिरायला अजून वेळ होता. तिने माइक हातात घेतला.

‘काय म्हणते गं?’ आईने विचारलं.

‘तिच्या वडिलांचं कौतुक करतेय.’

‘बघ, किती छान बोलते. तूही शीक असं.’

बाबांना इंग्रजी येत नव्हतं. पण इंग्रजी शाळेतल्या मुलांची बडबड त्यांनी वर्षानुवर्षं पाठीमागे ऐकली होती. बस त्यांना कळलं. ड्रायव्हर कळलं. आइज कळलं. आणि मग रेडिओ थांबली, आवंढा गिळला आणि म्हणाली, ‘रेड. ग्रीन. रेड.’

बाबांचा हात मौनीच्या मनगटावर आला. त्यांनी दाबला नाही, नुसता ठेवला. रेडिओचं बोलणं संपेपर्यंत तो हात तिथेच होता. टाळ्या सुरू झाल्या, आईनेही वाजवल्या. बाबांनी हात काढून मांडीवर ठेवला.

पुढच्या रांगेतल्या रेडिओच्या दुकानदार बापाला लोक हस्तांदोलन करायला येऊ लागले. कुणीतरी त्यांच्या डोळ्यांची चौकशी केली. ते गोंधळून म्हणाले, ‘नाही, मला चष्मा आहे फक्त वाचायचा.’ मग लेकीने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि पुढच्या माणसाला ते ‘आता बरं आहे, आता बरं आहे’ असं म्हणाले.

‘त्या माणसाच्या डोळ्यांना काय झालंय?’ घरी जाताना आई म्हणाली. ‘सारखा तर मनगटावरचं घड्याळ बघत होता.’

घरी आई चहा टाकायला आत गेली. बाबा खिडकीपाशी बसले.

‘तू सांगितलंस तिला,’ ते म्हणाले.

‘परीक्षेसाठी सांगितलं होतं. मीच बोलणार होते बाबा. मला बोलता आलं नाही, म्हणून तिने...’

‘त्या मुलीचं सांगितलं का तिने? बुटाची नाडी बांधत होती ती?’

‘नाही. ते मी तिलाही सांगितलं नव्हतं.’

‘म्हणजे मी आपण होऊन किल्ली दिली, असं झालं.’ बाबांनी तोंड खिडकीकडे वळवलं. ‘लोक रडत होते गं माझ्यासाठी. एवढा चांगला कुठे होतो मी?’

मौनी त्यांच्यासमोर उभी राहिली. माफ करा, म्हणायचं होतं. हे मराठीत होतं, घरात होतं, समोर तिचे स्वतःचे बाबा होते, आणि तरी शब्द निघाला नाही.

आई कप घेऊन आली तेव्हा बाबांनी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. डोळे, सिग्नल, ती मुलगी, किल्ली. बस विकलीच गेली नव्हती. आज दुसरा कुणी ती चालवतोय.

आई ओरडली नाही. ‘पोरं होती बसमध्ये,’ एवढंच आधी म्हणाली. मग मौनीकडे वळली. ‘तुला माहीत होतं. तू रोज त्यांच्या शेजारी बसून जात होतीस, आणि मी इथे दार लावून निवांत कामाला लागत होते. आणि त्या परक्या मुलीला माझ्याआधी सांगितलंस. मला मघाशी काय म्हणालीस, तिच्या वडिलांचं कौतुक करतेय? टाळ्या वाजवल्या मी!’

चहा कुणीच घेतला नाही. आईने कप तसेच उचलून नेले. त्या दिवसापासून घरात बोलणं कामापुरतं उरलं. बाबा बाहेर जाताना आता काठी घेऊन निघत. आईच्या खांद्यावर हात ठेवायचं त्यांनी सोडलं, का तिने खांदा पुढे करायचं सोडलं, कोण जाणे. मौनी म्हणाली, मी सोडते तुम्हाला कोपऱ्यापर्यंत. ते म्हणाले, ‘नको, सवय व्हायला हवी.’

हॉटेलच्या तळघरात मौनी कामाला लागली. ओल्या चादरी, तापलेले रोलर, टॉवेलांच्या चळती. गरम कपड्यांचा वास केसांत बसायचा तो धुतला तरी जात नसे. काम तिला आवडलं नाही आणि नावडलंही नाही. रेडिओ अधूनमधून गळ्यातला स्कार्फ बदलून घ्यायला खाली यायची. पहिल्यांदा आली तेव्हा मौनीच्या गळ्यात पडली. ‘बोल ना गं माझ्याशी. बाबा कसे आहेत? एकदा भेटायला येऊ का त्यांना?’

‘नको,’ मौनी म्हणाली आणि इस्त्रीचा स्कार्फ तिच्या हातात दिला.

रेडिओ मग फक्त स्कार्फपुरती यायची. पुढे तिला दुसऱ्या शहरातल्या याहून मोठ्या हॉटेलात जागा मिळाली. जाताना ती मालकापासून माळ्यापर्यंत सगळ्यांचा निरोप घेऊन गेली, मौनीचाही, आणि रडली. वर सगळे म्हणाले, पोरीचं काळीज मोठं आहे.

तळघरात फोन होता. चादरी पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस फक्त इंग्रजीत बोलायचा आणि रोज काहीतरी घोळ घालायचा. त्याच्याशी कुणीतरी भांडायला हवं होतं, म्हणून मौनी भांडू लागली. कसं सुरू झालं ते तिलाही आठवत नाही. ‘हॅज’ की ‘हॅव’ हे ती बघेनाशी झाली होती. समोरचा काय म्हणेल याची पर्वा गेली, आणि पर्वेबरोबर भीतीही गेली. एक दिवस मॅनेजर बाई काही कामाने खाली आल्या आणि दारातच थांबल्या. मौनी फोनवर त्या माणसाला डाग पडलेल्या अभ्र्यांबद्दल फाडफाड सुनावत होती, एकाही ठिकाणी न अडता.

फोन ठेवल्यावर बाई म्हणाल्या, ‘तू इतकं छान बोलतेस? मग परीक्षेच्या वेळी काय झालं होतं?’

मौनीने रोलरमध्ये पुढची चादर घातली.

‘ती गेल्यापासून रिसेप्शनची जागा रिकामी आहे. उद्या वर ये. परीक्षा वगैरे काही नाही, थोड्या गप्पा मारू. स्वतःबद्दल सांग, घरच्यांबद्दल सांग, बास.’

‘नको मॅडम,’ मौनी म्हणाली. ‘मी इथेच ठीक आहे.’

‘अगं, वेडी आहेस का? वर जायला मुली किती धडपडतात.’

मग मौनीने इंग्रजीत सांगितलं, की तिला घरच्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. वाक्य लांब होतं आणि सरळ आलं. बाईंनी खांदे उडवले आणि त्या वर निघून गेल्या. रोलरमधून चादर अर्धी बाहेर आली होती. मौनीने तिची टोकं धरली आणि पलीकडच्या बाईला हाक मारली, की घडीला ये.

घरी तिने यातलं काही सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.